पैजेची पैठणी

वन्सं, तुमच्या अंगावर पैठणी घालू दिली नाही म्हणून अर्धी सोनई माझ्यावर रागावली आहे. उरलेली अर्धी तुमच्याकडे विज्ञान शिकली आहे, ती मनातल्या मनात हसत असणार.

त्या सकाळी हिराक्कांचा फोन आला तेव्हा मी केडगावला पार्लरचं शटर वर करत होते. तुम्ही गेलात हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं आणि लगेच पुढचं वाक्य, "माहेरची साडी तुलाच आनायची हाय मंगल. ती पैठनी घिऊन ये." रडायलासुद्धा सवड दिली नाही. सवाष्ण गेली की माहेरची साडी लागते, तुमचं माहेर म्हणजे तुमचा भाऊ, आणि तुमचा भाऊ म्हणजे व्यवहारात मी, हे मला कळत होतं. तुमचे भाऊ तर उलटसुलट चपला घालून दारात उभे होते आणि किल्ली हातात असताना किल्ली शोधत होते. मी कपाट उघडलं, पैठणीकडे पाहिलं, कपाट बंद केलं. वाटेत एका ओळखीच्या दुकानदाराला दार उघडायला लावून साधी हिरवी सुती साडी घेतली.

अंगणभर बायका होत्या. हिराक्का, तुमच्या थोरल्या जाऊबाई, सगळ्यात पुढे. त्यांनी माझ्या पिशवीत हात घातला आणि साडी बाहेर काढून सगळ्यांना दाखवली.

"पैठनी कुठं हाय?"

"केडगावला. कपाटात."

"आगं, येवढी शिकल्याली बाई, गावानं जिला बाई-बाई म्हनून डोक्यावर घेतली, ती आसल्या साडीत जानार?"

"ती पैठनी त्यांची न्हाई आता, हिराक्का."

"मग कुनाची?"

"जी पैज जिंकंल तिची. पैज आजून चालू हाय. जाळायची न्हाई ती."

मेलेल्या माणसाच्या अंगणात पैजेची भाषा करणारी मी पहिलीच असेन. बायकांनी तोंडाला पदर लावले. कुणीतरी मागून म्हणालं, भावजय आहे, साडी दाबून ठेवली. मी वळून बघितलंसुद्धा नाही. तेव्हा तुमच्या पायांशी बसलेले दाजी मान वर न करता बोलले, "मंगल बरुबर बोलती. शालनला इचारलं असतं तर तिनं बी ह्येच सांगितलं असतं." मग हिराक्कांनीच साडीची घडी मोडली. तुम्हाला हिरवी साडी नेसवली, मळवट भरला. शोभली तुम्हाला. मला तुमचा राग आलेला होता, न सांगता निघून गेलात म्हणून, तरी सांगते, शोभली.

पैजेचा दिवस तुम्हाला आठवतोय का? संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, तुमच्याच ओसरीवर. बायका बसल्या होत्या आणि नेहमीचं चाललं होतं. केमिकलचा गूळ, केमिकलची केळी, केमिकलचं दूध. आपल्याकडे तो शब्द थुंकल्यासारखा वापरतात. कुणीतरी म्हणालं, "बाई, आमी आता केमिकल घरात आनतच न्हाई." झालं. तुम्ही तिळगुळाचं ताट खाली ठेवलंत, आत गेलात आणि निवृत्त झाल्यावर स्वतःच्या हौसेनं घेतलेली, घडीसुद्धा न मोडलेली पैठणी घेऊन बाहेर आलात. मोरपंखी, जरीचा काठ. सगळ्यांच्या नजरा तिच्यावर.

"केमिकल नसल्याली येक वस्तू मला आनून दाखवा. जी दाखवंल तिला ही पैठनी."

काय धांदल उडाली होती त्या दिवशी! शेजारपाजारच्या घरांतून बायका पळत गेल्या आणि पळत आल्या. हळद आणली. तुम्ही म्हणालात, कर्क्युमिन. मध आणला. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. तुळशीची पानं आणली. तुम्ही एक पान चावलंत आणि म्हणालात, युजेनॉल, लवंगेत बी असतंय. एकीनं हट्टानं शेणाचा पो आणला, तर त्याचीही यादी सांगितलीत आणि वर हात धुवायला लावले. शेवटी हिराक्का आल्या, स्टीलचा रिकामा डबा घेऊन. झाकण उघडून तुमच्या नाकासमोर धरला. "ह्याच्यात कायबी न्हाई. आन पैठनी!" ओसरी हसून लोटपोट झाली. आणि तुम्ही, सहावीच्या पोरांसमोर उभ्या राहायच्या तशा उभ्या राहून म्हणालात, "हवा हाय त्यात, आक्का. नायट्रोजन, ऑक्सिजन. रिकामा डबा बी रिकामा नसतो."

मग ते वाक्य आलं, जे नंतर मी हजारदा ऐकलं. "केमिकल म्हंजे निस्ती वस्तू. चांगलं न्हाई, वाईट न्हाई. इचारायचं ते ह्ये, की कुठलं, किती, आन कशाला."

पैठणी मात्र तुम्ही माझ्या हवाली केलीत. "तू पंच. माझ्यापाशी ऱ्हायली तर येखाद्या लग्नात मीच नेसंन." म्हणून ती केडगावला आली आणि म्हणून ती मी आणली नाही. अजूनही कुणाला कळलं नसेल तर कळू द्या.

तुमच्या त्या सवयीनं मला किती छळलं, वन्सं. रविवारी एसटीनं यायच्या, पार्लरच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायच्या आणि माझ्या फळीवरची एकेक बाटली उचलून पाठमोरी करायच्या. "बाटलीला पाठ असती, मंगल. पोटावर पानंफुलं काढत्यात. खरं पाठीवर लिवत्यात, आन तेबी मुंगीच्या अक्षरात." तुम्ही गेलात की सगळी फळी भिंतीकडे तोंड करून उभी असायची आणि मला ती परत सरळ करत बसावं लागायचं. गिऱ्हाइकांना पानंफुलंच बघायची असतात, हे तुम्हाला सांगून मी थकले.

बरं, तुम्ही कुणाच्याच बाजूच्या नव्हता. "सल्फेट नको हो, सल्फेट विष असतं," असं एखादी म्हणाली की तुम्ही तिच्यावर घसरायच्या. "विष न्हाई. त्यानं फेस येतो, तेलकटपना निघतो. रोज चोळलं तर केस कोरडं पडत्यात, कातडी वढल्यावानी व्हती. येवढंच हाय त्ये." आणि मी एखादीला म्हणाले, की ही क्रीम एकदम नैसर्गिक आहे, ह्यात पॅराबेन नाही, तर माझ्यावर. "मग बुरशी कशानं अडवली? त्ये बी इचार की." आठवतं, पलीकडच्या गल्लीतल्या बाईंनी घरी कोरफड वाटून भरलेली बरणी मला भेट दिली होती, शुद्ध म्हणून? आठवड्यात तिच्यावर हिरवी लव चढली. तुम्ही ती बरणी मला फेकू दिली नाहीत. काउंटरवर ठेवायला लावलीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला. त्या महिन्यात माझ्या पार्लरमध्ये ब्युटीपेक्षा बुरशीचीच चर्चा जास्त.

भाऊबीजेची तऱ्हा तर जगात कुठे नसेल. तुमचे भाऊ अंगाला तेल लावून पाटावर कुडकुडत बसलेले आणि तुम्ही उटण्याचं पाकीट पालथं करून चष्मा शोधताय. "सुगंधी द्रव्यं, आसं लिवलंय. कुठली द्रव्यं? नाव न्हाई का त्यास्नी? सगळ्यांची नावं लिवली आन वासाच्या वेळंलाच लाज वाटली व्हय?" हे ओरडायचे, "आक्के, पानी गार व्हतंय!" दर वर्षी. दर वर्षी तुम्ही पाकीट बाजूला ठेवून हरभऱ्याच्या डाळीचं पीठ नि हळद कालवायच्या. यंदा ह्यांना कोण पाटावर ताटकळत ठेवणार आहे, सांगा.

आणि ती काळी मेंदी. एका नवरीची आई तोंड झाकून पार्लरमध्ये आली. पदर काढला तर डोळे दिसेनात इतकं तोंड सुजलेलं, कपाळाच्या कडेनं पाणी सुटलेलं. घरीच केसांना लावली होती, म्हणे हर्बल आहे, पाकिटावर पान आहे. पाकीट तिच्या पिशवीतच होतं. तुम्ही ते पालथं केलंत, नखानं एका ओळीवर खूण केलीत आणि मला मोठ्यानं वाचायला लावलंत. पॅरा-फेनिलीन डायमीन. मला दोनदा अडखळायला झालं. केस काळे होतात ते त्यानं, पानानं नाही. बऱ्याच जणींना काही होत नाही आणि एखादीचं असं होतं. तुम्ही तिला रागावला नाहीत. रिक्षा बोलावून कातडीच्या डॉक्टरांकडे स्वतः घेऊन गेलात, पाकीटही सोबत घेतलंत, "डाक्टरला नाव कळूंद्या" म्हणून. त्या दिवसापासून माझ्याकडे कुणाच्याही केसांना रंग लागायच्या आधी दोन दिवस कानामागं ठिपका लागतो. किती जणी कंटाळून दुसरीकडे गेल्या! मी तुम्हाला म्हणाले होते, तुम्ही माझं दुकान बसवणार. तुम्ही म्हणालात, "बसलं तर बसलं. बाई तर हुबी ऱ्हायली."

दुकान बसलं नाही, वन्सं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. उलट त्या नवरीच्या आईनं गावभर सांगितलं, की केडगावात एक पार्लर आहे, तिथं आधी विचारतात. मी सांगितलं असतं तर तुम्ही कॉलर ताठ केली असती आणि माझ्याच्यानं ते बघवलं नसतं.

हेही राहिलं. पार्लर काढायचं म्हटल्यावर सासरचं अख्खं घर माझ्या विरोधात होतं. लोकांच्या भुवया करणार आपली सून? तेव्हा तुम्ही सोनईहून आलात, नव्या खुर्चीत बसलात आणि सासूबाईंच्या देखत म्हणालात, "कर माझ्या." शाळेतल्या बाईनं, त्या वयात, आयुष्यात पहिल्यांदा. डोळ्यांतून पाणी येत होतं तुमच्या आणि हातात पावडरचा डबा पालथा होता. त्यानंतर घरात कुणी चकार शब्द काढला नाही. मी तुमचे आभार मानले नाहीत, कारण तुम्ही विचारलं असतं, कुठले, किती आणि कशाला.

पण खरं भांडण आपलं साबणाचं.

साबणाचा गट तुमच्या डोक्यातून निघाला. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये खोबरेल, करंजाचं तेल, कॉस्टिक सोडा आणि पाणी. बायकांच्या हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मे. हिराक्कांनी चष्मा घातला की त्या वेल्डिंगवाल्यासारख्या दिसायच्या. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यात कधीच नाही, हे तुम्ही पाढ्यासारखं सगळ्यांकडून म्हणून घ्यायच्या. विटा पाडून फळ्यांवर महिनाभर सुकायला ठेवायच्या आणि मग तुमची परीक्षा. वीट उचलायची, जिभेचं टोक लावायचं. चटका बसला तर सोडा अजून मोकळा आहे, बसला नाही तर साबण झाला. सोडा तपासायच्या कागदाच्या पट्ट्या होत्या, तरी जीभ लागायचीच. मी म्हणायचे, तुमची जीभ लावल्यावर साबणालाच चटका बसत असेल.

आणि लेबल. मी सांगितलं, तेलं लिहा, सोडा लिहू नका. तयार वडीत सोडा राहतच नाही, तेलाशी मिळून त्याचा साबण होतो, हे तुम्हीच मला शिकवलंय. जे नाहीच ते लिहायचं कशाला? तुम्ही ठाम. "जे घातलं ते लिवायचं."

"भाकरीत पानी घालत्यात, वन्सं. भाकरी विकताना कुनी पानी लिवतं का?"

"पान्यानं कुनाचा हात भाजत न्हाई. ज्यानं भाजतंय, ते आधी लिवायचं."

"पन आता त्ये भाजत न्हाई ना! काय उरलं ते लिवा!"

"काय उरलं ते बगायला लोकं जीभ लावनार हायेत का? त्यास्नी काय घातलं तेवढं तरी कळूंदे."

लेबल तुमच्याच म्हणण्याप्रमाणे छापलं. तिसगावच्या बाजारात पहिल्यांदा दुकान मांडलं तेव्हा काय झालं, तेही लिहूनच टाकते. एका बाईनं वडी घेतली, हुंगली, खूश झाली. पाठीवर वाचलं, "कॉस्टिक सोडा? ज्यानं मोऱ्या साफ करत्यात?" आणि वडी अशी टाकली, जणू हातात विंचू आला. दुपारपर्यंत आपलं दुकान म्हणजे बाजारातलं मोकळं मैदान होतं. मी तुमच्याकडे खाऊ का गिळू असं बघत होते, आणि तुम्ही माठातलं पाणी ओतून पुढच्या बाईचे हात धुवून देत होता. "जगातला कुठला बी खरा साबन आसाच हुतो, ताई. मोठी कंपनी बी हेच करती. तिच्या पाठीवर अवघड नाव असतंय, आमच्या पाठीवर सोपं हाय, येवढाच फरक." संध्याकाळी साबणाची पाटी अर्धी रिकामी झाली होती. तुम्ही म्हणालात, जिंकलो. मी म्हणाले, लेबल बदललं असतं तर पाटी अख्खी रिकामी झाली असती. परत येताना टेम्पोत आपण एकमेकींशी बोललो नाही.

हा वाद असाच अर्धा राहिला. जायच्या महिनाभर आधी फोनवर तुम्ही म्हणालात, ये एकदा, निवांत बसून भांडू. मी म्हणाले, लगीनसराई आटपू द्या. लगीनसराई चालू होती तेवढ्यात तुम्ही गेलात. ही काही भांडण संपवायची रीत नाही, वन्सं. पळपुटेपणा आहे हा.

आता पुढचं ऐका. डॉक्टरांनी हृदयविकाराचं निदान केलं, पण गावात दुसरंच पसरलं. सोड्याची वाफ भिनली बाईच्या छातीत, केमिकलनंच खाल्लं तिला. दहाव्याला नदीवर हेच चाललं होतं. मी सहन केलं, सहन केलं आणि मग बोलले. "वाफ भिनली असती तर ह्या हिराक्का समोर उभ्या राहिल्या नसत्या. त्या तर वन्संपेक्षा पातेल्यावर जास्त वाकायच्या." हिराक्कांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं आता पिंडाशेजारी माझंही पान मांडतात. तेवढ्यात कावळा शिवला. लगेच, कुणी शब्द द्यायच्या आत. बायका म्हणाल्या, इच्छा राहिली नाही हो बाईंची. खोटं! तुमची एकही इच्छा पुरी झालेली नाही. कावळ्याला भूक लागली होती, आणि हे तुम्हीही असंच सांगितलं असतं.

तेराव्यानंतर शेडमध्ये पल्लवीनं बॅगेतून कागद काढला. तुमची लेक, पुण्यात जाहिरातीचं काम करणारी. रडून डोळे सुजले होते पोरीचे, तरी बसून तिनं तुमच्या साबणाचं नवं लेबल केलं होतं. वर तुमचा फोटो, शाळेच्या गॅदरिंगमधला, निळ्या साडीतला. आणि खाली ठळक अक्षरांत: आईच्या हातचा. शंभर टक्के केमिकल-फ्री.

मला आधी हसू आलं. मग हसू कुठल्या कुठे गेलं.

"मामी, पुण्याचा एक दुकानदार सगळा माल घ्यायला तयार आहे," पल्लवी म्हणाली. "दर महिन्याला घेईल. फक्त लेबलावर हे पाहिजे आणि सोडा नको. आईचं नाव राहील ना गं."

हिराक्का म्हणाल्या, "बारा म्हयने काम मिळंल पोरीस्नी. उन्हातान्हात कांदं काढाया जायाचं सुटंल. येक शब्द तर हाय, मंगल."

शेडमधल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांचं चुकत नव्हतं, हेच वाईट होतं. त्यातल्या दोघीतिघी ऊसतोडीला जाऊन आलेल्या आहेत. त्यांच्या हाताला पडलेले घट्टे मी भुवया करताना बघते. एका शब्दासाठी त्यांच्या पोटावर पाय देणारी मी कोण? तुम्ही असता तर तुमच्याकडे बोट दाखवून मी मोकळी झाले असते. तुम्ही फोटोत होता, त्या खोट्या शब्दावर बसून हसत होता.

मी कागद घेतला आणि फाडला. फोटो तेवढा वाचवला.

"येक शब्द न्हाई तो, हिराक्का," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, मला ऐकू येत होता. "ज्या शब्दासाठी ह्या बाईनं तुमच्यापुढं पैठनी टाकली, तोच शब्द हाय. तिचा फोटो लावायचा आन तिच्याच तोंडून हे वदवायचं? ती बोलू शकत न्हाई म्हनून? मी बोलू शकते. मी जिवंत हाय तवर ह्या साबनावर त्यो शब्द येनार न्हाई. काम मी आनंन. केडगावात आनंन, तिसगावात आनंन, दारोदार फिरंन. पन हे न्हाई."

पल्लवी रडायला लागली. "मग सोडा लिहून कोण घेणार आहे, मामी? आणि तूच तर आईशी भांडायचीस, सोडा लिहू नका म्हणून!"

खरं होतं ते. मी फळीकडे गेले. तुम्ही शेवटच्या पाडलेल्या वड्या तिथं होत्या, सुकलेल्या, कडा थोड्या वाकड्या, कारण साचा धुवायचा तुम्हाला नेहमी कंटाळा. एक उचलली, जिभेला लावली. मग पल्लवीपुढे धरली. तिनं आयुष्यात कधी लावली नव्हती जीभ. पुण्यातली पोर ती. डोळे मिटून टोक टेकवलं.

"चटका बसतोय?"

"नाही."

"मग आईनं घातलेला सोडा कुठं गेला?"

तिनं ओठांवरून जीभ फिरवली. "साबण झाला."

बघा वन्सं. तुमच्याच हातच्या साबणानं, तुमच्याच लेकीच्या जिभेवर मी आपला वाद जिंकला. सोडा उरत नाही, नाहीच उरत. शेडभर साक्षीदार होते. आणि ऐकायला तुम्ही नव्हता. इतका वेळ कोरडी राहिलेली मी तिथं, त्या फळीला धरून, हुंदके देत रडले. हिराक्कांनीच पाठीवर हात ठेवला. मला ही जीत नको आहे. या, आणि मला खोडून काढा.

तुम्ही येत नाही म्हटल्यावर मीच मार्ग काढला. आता वडीच्या पाठीवर दोन ओळी आहेत. पहिली: काय घातलं – खोबरेल तेल, करंज तेल, कॉस्टिक सोडा, पाणी. दुसरी: काय उरलं – साबण, ग्लिसरीन, थोडं तेल, थोडं पाणी. पहिली तुमची, दुसरी माझी. पल्लवीनंच अक्षरं मांडली, मुंगीची नाहीत, आजीला चष्म्याविना वाचता येतील अशी. फोटो लावला नाही. बाटलीच्या पोटावरच्या पानाफुलांत बसायला तुम्हाला आवडलं नसतं. तुमचं नाव पाठीवर आहे, ह्या दोन ओळींच्या खाली.

पुण्याच्या दुकानदाराला लेबल पाठवलं. त्यानं उत्तरही दिलं नाही. नाही तर नाही! माझ्या पार्लरची फळी आता कायमची पाठमोरी आहे आणि त्या फळीच्या मधोमध तुमचा साबण आहे. गिऱ्हाइकं विचारतात, हे असं का? मी सांगते, नणंदेचा दुखवटा आहे. मग वाचतात.

मागच्या आठवड्यात तिसगावच्या बाजाराला गेलो, मी आणि हिराक्का. मी पैठणी घेऊन गेले होते. दुकानाच्या दोरीला प्लास्टिकमध्ये घालून टांगली आणि खाली पुठ्ठ्यावर लिहिलं, केमिकल नसलेली एक वस्तू आणा, पैठणी घेऊन जा. हिराक्का वाटभर पुटपुटत होत्या, मेलेल्या बाईची साडी बाजारात टांगायची म्हणजे काय. पण गर्दी जमली. कुणी लिंबू आणलं, कुणी विहिरीचं पाणी. मला सगळी उत्तरं येत नव्हती, येतील तेवढी दिली. मग एक तरणीताठी बाई पुढे आली, हसत हसत रिकामी मूठ माझ्यासमोर धरली आणि उघडली.

"ह्यात कायबी न्हाई. द्या पैठनी."

मी तोंड उघडायच्या आत हिराक्का मागून गरजल्या, "हवा हाय त्यात! नायट्रोजन हाय! ऑक्शिजन हाय! रिकामी मूठ बी रिकामी नसती, कळलं का?"

ती बाई चपापली, मग हसली, आणि वडी उचलून पालथी केली. पहिल्या ओळीवर थांबली, कपाळाला आठी पडली. दुसरी ओळ वाचली. दोन वड्या घेतल्या. पाटी अख्खी रिकामी झाली नाही, तुम्हाला खोटं कशाला सांगू. पण परत येताना टेम्पोत हिराक्का अन् मी गावापर्यंत बोलत होतो, पुढच्या आठवड्यात किती विटा पाडायच्या त्याबद्दल.

तुमची पैठणी घडी घालून परत कपाटात ठेवली आहे. अजून कुणीही जिंकलेली नाही, वन्सं.